पायथनचं इंडेंटेशन: ही ओळ किती वेळा चालायला हवी?

लॅबमध्ये पायथनचं प्रॅक्टिकल चालू असताना मुलांच्या पाठीमागून फिरलं की एक प्रकार हमखास बघायला मिळतो. रन केलं, लाल अक्षरं आली. कर्सर त्या ओळीच्या सुरुवातीला, एक स्पेस, पुन्हा रन. परत लाल. आणखी एक स्पेस, परत रन. असं करता करता कधीतरी लाल अक्षरं जातात आणि पोरगं खुर्चीला टेकून सांगतं, "झालं मॅडम."

"उत्तर बरोबर आलं का?"

"एरर गेली ना."

एरर जाणं आणि प्रोग्रॅम बरोबर होणं या दोन गोष्टी पायथनमध्ये फार वेगळ्या आहेत, आणि नवशिक्यांना हे कोणी वेळेवर सांगत नाही. डिप्लोमाच्या कॉम्प्युटर शाखेला मी सी आणि पायथन दोन्ही शिकवते. इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा, हा विषय बहुतेक नोट्समध्ये अर्ध्या पानात उरकलेला असतो: चार स्पेस द्या, टॅब मिसळू नका, पुढचा धडा. माझ्या मते पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा धडा तोच आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी एक छोटा प्रोग्रॅम. यात डेफ, फॉर, इन, रिटर्न, प्रिंट हे पायथनचे शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. मशिनवर ते आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे. चलांची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत ठेवलेली चालतात. 'बेरीज' हे नाव तो बिनतक्रार घेतो. सुरुवातीला मी मुद्दाम तशीच नावं ठेवायला लावते, म्हणजे पायथनचे शब्द कोणते आणि आपले कोणते हे नजरेलाच वेगळं दिसतं.

डेफ एकूण(यादी):
    बेरीज = ०
    फॉर गुण इन यादी:
        बेरीज = बेरीज + गुण
    रिटर्न बेरीज

प्रिंट(एकूण([४०, ५५, ६२]))

उत्तर येतं १५७. आता बाकी काहीही न बदलता फक्त रिटर्नची ओळ सरकवायची. वर ती चार स्पेसवर आहे. ती आठ स्पेसवर नेली, म्हणजे बेरजेच्या ओळीच्या बरोबर खाली, तर उत्तर येतं ४०. कुठलीही एरर नाही, लाल अक्षर नाही. पहिला गुण मिळवला, लगेच रिटर्न लागलं, फंक्शन संपलं. ५५ आणि ६२ कडे कोणी बघितलंच नाही. तीच ओळ बारा स्पेसवर नेली तर "अनएक्स्पेक्टेड इंडेंट". सहा स्पेसवर ठेवली तर "अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल". आणि पार डावीकडे आणून चिकटवली तर "रिटर्न आउटसाइड फंक्शन".

एकच ओळ, पाच जागा. त्यातल्या तीन जागी पायथन स्वतः ओरडून सांगतो. उरलेल्या दोनपैकी एक जागा बरोबर आहे आणि एक चूक, आणि या दोघींत फरक करणं पायथनच्या हातात नाही. स्पेस दाबत दाबत एरर घालवणारं पोरगं या दोनपैकी कुठल्या जागी जाऊन थांबेल? सहा स्पेसवरून पुढे गेलं तर आठवर. मागे आलं तर चारवर. मुलांचा कल पुढे जाण्याकडे असतो, कारण स्पेसबार मोठा आहे आणि अंगठ्याखाली आहे.

यात आणखी एक बारीक फसवणूक आहे. पुष्कळ मुलं टेस्ट करताना यादीत एकच आकडा टाकतात, टाइप करायचा कंटाळा म्हणून. यादी [४०] असेल तर चार स्पेसवरचा बरोबर प्रोग्रॅमही ४० देतो आणि आठ स्पेसवरचा चुकीचाही ४० देतो. म्हणून माझ्या लॅबमध्ये लूपचा, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा, प्रोग्रॅम तपासताना किमान तीन आकडे आणि तिन्ही वेगवेगळे, हा नियम आहे. बेरीज = ० ही ओळ चुकून लूपच्या पोटात गेली असेल तर तेही यातूनच पकडता येतं: प्रत्येक फेरीला बेरीज शून्यावर येते आणि शेवटी उत्तर ६२ मिळतं, म्हणजे यादीतला शेवटचा आकडा. उत्तर पहिल्या आकड्याइतकं आलं तर रिटर्न आत गेलंय, शेवटच्या आकड्याइतकं आलं तर शून्य आत गेलंय. आकडे वेगळे ठेवले की उत्तरच चूक दाखवून देतं.

तर स्पेसबारला हात लावण्याआधी मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावते: ही ओळ किती वेळा चालायला हवी? मोठ्याने, आपल्या भाषेत उत्तर द्यायचं. बेरीज शून्य करायची किती वेळा? एकदाच, सुरुवातीला. गुण मिळवायचा किती वेळा? जितके गुण तितक्या वेळा. रिटर्न किती वेळा? एकदाच, सगळे गुण संपल्यावर. इतकं तोंडाने बोललं की ओळ कुठे बसते ते वेगळं सांगावं लागत नाही. जी प्रत्येक फेरीला हवी ती लूपच्या आत, जी एकदाच हवी ती बाहेर. इफ असेल तर प्रश्न थोडा बदलतो, "ही ओळ कुठल्या अटीवर चालायला हवी?" पण रीत तीच.

मुलं विचारतात, मॅडम, सीमध्ये एडिटर आपोआप इंडेंट करून देतो, इथे का नाही? प्रश्न फार चांगला आहे. सीमध्ये ब्लॉक, म्हणजे एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे महिरपी कंस सांगतात. मोकळी जागा फक्त वाचणाऱ्यासाठी असते. सगळ्या ओळी डावीकडे चिकटवल्या तरी कंसांवरून मशिनला पूर्ण रचना पुन्हा उभी करता येते. पायथनमध्ये ती मोकळी जागा हीच माहिती आहे. ती गेली की माहिती गेली, आणि गेलेली माहिती कुठल्याही टूलला परत आणता येत नाही. ब्लॅकसारखा फॉरमॅटर असलेल्या कोडची मांडणी नीट करतो, पण ज्या कोडची रचनाच तुटली आहे तो त्याला वाचताच येत नाही, तो नकार देतो. वरच्या प्रोग्रॅममधल्या स्पेस सगळ्या काढून टाका आणि दुसऱ्या कोणाला द्या. रिटर्न लूपच्या आत होतं की बाहेर हे त्याने कशावरून ठरवायचं? प्रोग्रॅमने काय करायचंय ते कळल्याशिवाय ठरणार नाही. म्हणजे ठरवायचं माणसानेच.

हाच मी एक व्यायाम म्हणून देते. पीडीएफमधून कोड कॉपी केला की बहुतेक वेळा इंडेंटेशन उडतं आणि सगळ्या ओळी भिंतीला टेकलेल्या येतात. तसा एक दहा-बारा ओळींचा कोड, वर प्रोग्रॅमने काय करायचंय ते दोन वाक्यांत, आणि काम एवढंच की ओळी आपापल्या जागी लावा. मशिनवर नाही, आधी कागदावर. नवीन कोड लिहिण्यापेक्षा यात मुलं जास्त शिकतात असा माझा अनुभव आहे.

आता सहा स्पेसवर पायथन का अडला ते बघू, कारण तो संदेश मुलांना सगळ्यात जास्त घाबरवतो आणि खरं तर सगळ्यात सरळ आहे. पायथन वाचताना जवळ आकड्यांची एक चळत ठेवतो. सुरुवातीला तिच्यात फक्त ०. ओळ आली की तिच्या सुरुवातीच्या स्पेस मोजायच्या आणि चळतीतल्या सर्वात वरच्या आकड्याशी ताडून बघायच्या. तितक्याच असतील तर तोच ब्लॉक चालू आहे. जास्त असतील तर नवा ब्लॉक सुरू झाला, तो आकडा चळतीवर ठेवायचा. कमी असतील तर वरून आकडे काढत जायचं, जुळणारा सापडेपर्यंत. आपल्या प्रोग्रॅममध्ये बेरजेच्या ओळीपर्यंत चळत झाली ०, ४, ८. मग आली सहा स्पेसची ओळ. ८ काढला, खाली ४ निघाला. ६ कुठेच नाही. पायथन विचारतो, तू आठच्या ब्लॉकमधून बाहेर आलास खरा, पण गेलास कुठे? संदेशाचा अर्थ इतकाच आहे.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, चार हा आकडा पायथनच्या नियमात कुठेच नाही. दोन स्पेस दिल्या, तीन दिल्या, तरी एका ब्लॉकमधल्या सगळ्या ओळी सारख्या असल्या की त्याला चालतं. चारचा संकेत पेप ८ या लेखनाच्या नियमावलीतून आला, ती २००१ सालची. पाळावा, कारण जगभरचा कोड तसाच लिहिलेला असतो, पण "चारच का" यावर डोकं शिणवू नये. दुसरी, कोरी ओळ आणि नुसती टिप्पणीची ओळ या मोजणीत धरलीच जात नाही. गोल, चौकोनी किंवा महिरपी कंस उघडा असेपर्यंत पुढच्या ओळींचं इंडेंटेशनही धरलं जात नाही. लांब यादी चार ओळींवर तोडली तर ती कशीही लावा.

टिप्पणीची ओळ धरली जात नाही हे वाचायला सोपं आहे, पण लॅबमध्ये यावरून रोज कोणीतरी अडतं. इफच्या आत एकच प्रिंट आहे, तो तात्पुरता नको म्हणून पुढे हॅश लावला, म्हणजे ती ओळ टिप्पणी झाली. झालं, "एक्स्पेक्टेड अ‍ॅन इंडेंटेड ब्लॉक". मुलगा म्हणतो, आहे की ओळ आत! तुला दिसते, पायथनला नाही. त्याच्या दृष्टीने कोलननंतर काहीच आलं नाही. तिथे पास लिहायचं, म्हणजे 'इथे काही करायचं नाही' असं सांगणारी ओळ. उलट प्रकारही होतो: इफची ओळच हॅश लावून बंद केली आणि तिच्या पोटातल्या ओळी तशाच आत राहिल्या. मग "अनएक्स्पेक्टेड इंडेंट". पहिल्यात कोलन आहे पण पोट रिकामं, दुसऱ्यात पोट आहे पण कोलन नाही. हे दोन संदेश एकमेकांचे उलटे आहेत इतकं कळलं तरी अर्धं काम झालं.

संदेशात दिलेला ओळक्रमांक नीट वाचायचा, पण त्या ओळीवरच चूक आहे असं धरून चालायचं नाही. पोट रिकामं असल्याची तक्रार पुढच्या ओळीवर येते, कारण पायथनला ते तिथे पोचल्यावर कळतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून हे फार सुधारलं. आता तो सांगतो की तिसऱ्या ओळीवरच्या 'इफ'नंतर इंडेंट केलेला ब्लॉक हवा होता. कोलन विसरला तर "एक्स्पेक्टेड" म्हणून सरळ कोलनच दाखवतो, पूर्वी नुसतं "इनव्हॅलिड सिंटॅक्स" म्हणायचा. पण बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ ची मशिन्स आहेत आणि विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जात नाही. तिथे शिकणाऱ्यांना जुनेच मोघम संदेश मिळतात. घरी किंवा मोबाइलवर नवीन व्हर्जन असेल तर तोच प्रोग्रॅम तिथे एकदा चालवून बघा.

टॅबचं दुखणं वेगळं आहे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. घरी नोटपॅडमध्ये लिहून पेनड्राइव्हवर आणलेल्या फाइलमध्ये खरे टॅब असतात. लॅबमध्ये आयडल या पायथनसोबत येणाऱ्या एडिटरमध्ये उघडून पुढच्या ओळी घातल्या की तिथे टॅबची कळ दाबली तरी चार स्पेस पडतात. एडिटरच्या सेटिंगप्रमाणे दोन्ही ओळी एका रेषेत दिसूही शकतात. पायथन मात्र टॅब आठाच्या पटीपर्यंत मोजतो, आणि टॅबची रुंदी वेगळी धरली तर अर्थ बदलेल अशी शंका आली की पायथन ३ थांबतो. गंमत म्हणजे संदेश क्रमावर अवलंबून असतो. आधीच्या ओळीला चार स्पेस आणि तिच्या खालच्या ओळीला टॅब असेल तर "टॅबएरर: इनकन्सिस्टंट यूज ऑफ टॅब्ज अँड स्पेसेस" मिळतं. आधी टॅब आणि मग चार स्पेस असतील तर आठवरून चारवर आल्यासारखं दिसतं, चळतीत चार नसतो, आणि मिळतो तोच वरचा "अनइंडेंट डझ नॉट मॅच". टॅबचं नावही त्यात नसतं. म्हणून ओळी डोळ्यांना सरळ दिसत असतील आणि तरी हा संदेश येत असेल तर पहिला संशय टॅबवर घ्यायचा.

उपाय मिनिटाचा आहे. आयडलमध्ये सगळा कोड सिलेक्ट करून फॉरमॅट मेनूतलं अनटॅबिफाय रीजन. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खालच्या पट्टीवर स्पेसेस किंवा टॅब साइज लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस. तिथेच रेंडर व्हाइटस्पेस चालू केलं की स्पेस ठिपक्यासारखी आणि टॅब बाणासारखा दिसायला लागतो. नवशिक्यांनी ते सहा महिने तरी चालूच ठेवावं. फक्त बदलल्यानंतर प्रत्येक ओळ पुन्हा वाचायची. रूपांतराने ओळी एकसारख्या होतील, योग्य जागी असतीलच असं नाही.

वेब पानावरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या कोडमध्ये कधीकधी स्पेससारखी दिसणारी पण स्पेस नसलेली अक्षरं येतात. "इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर" असा संदेश आला तर ती जागा खोडून स्पेस पुन्हा हाताने टाकायची, बाकी काही नाही.

सी शिकून आलेल्या मुलांचा पायथनवर राग असतो. "मोकळ्या जागेला कसला आलाय अर्थ?" त्यांना मी २०१४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. अ‍ॅपलच्या आयफोन आणि मॅकमध्ये सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या सीच्या कोडात 'गोटू फेल' (म्हणजे मधलं सोडून थेट 'फेल' या खुणेपाशी जा) ही ओळ एकाखाली एक दोनदा पडली होती. वर इफ होता, कंस नव्हते. दोन्ही ओळी सारख्याच आत घेतलेल्या, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही इफच्या पोटात वाटायच्या. सीच्या नियमाने पहिलीच इफची होती. दुसरी कायम चालायची आणि तिच्या खालची महत्त्वाची तपासणी होतच नव्हती. समोरचा सर्व्हर खरा आहे की तोतया हे न बघताच कनेक्शन पुढे जायचं. मोकळी जागा एक सांगत होती आणि कंपायलर दुसरं करत होता. पुढे २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ या सीच्या कंपायलरने अशा फसव्या इंडेंटेशनबद्दल इशारा द्यायला सुरुवात केली. पायथनमध्ये हा प्रकार या रूपात होऊच शकत नाही, कारण डोळ्यांना जे दिसतं तेच मशिन चालवतं. ही सोय आहे, जाच नाही, हे मला मनापासून वाटतं.

आणि ही कल्पना पायथनने आयत्या वेळी काढलेली नाही. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी इंडेंटेशनने रचना सांगणाऱ्या नियमाला फुटबॉलमधल्या ऑफसाइडचं नाव दिलं होतं. गिदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत पायथनचं काम सुरू केलं, त्याआधी ते तिथेच एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होते. एबीसी ही शिकणाऱ्यांसाठीच बनवलेली भाषा होती आणि तिच्यात ब्लॉक इंडेंटेशनने ठरत. ओळीच्या शेवटचा कोलनही तिथलाच. मशिनला त्याची फार गरज नव्हती, पण कोड वाचायला सोपा जातो असं एबीसीच्या प्रयोगांत दिसलं म्हणून तो ठेवला. नवशिक्यांना त्रास देणारा म्हणून जो नियम बदनाम आहे तो नवशिक्यांसाठीच आणलेला होता.

आता मूळ संख्येचा प्रोग्रॅम. व्हायव्हात हमखास येतो आणि जर्नलमध्ये हमखास चुकीचा असतो.

फॉर भाजक इन रेंज(२, संख्या):
    इफ संख्या % भाजक == ०:
        प्रिंट("मूळ संख्या नाही")
        ब्रेक
    एल्स:
        प्रिंट("मूळ संख्या आहे")

संख्या २५ दिली तर "मूळ संख्या आहे" तीनदा छापून येतं, दोन, तीन आणि चारने भाग गेला नाही म्हणून. मग पाचने भाग जातो आणि "मूळ संख्या नाही". चार ओळी, त्यातल्या तीन खोट्या. मुलं यावर फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण ठेवणारा नवा चल, घेतात, कधी प्रिंटच काढून टाकतात. पण प्रश्न विचारा: "आहे" हा निकाल किती वेळा द्यायचा? एकदाच. कधी? सगळे भाजक तपासून झाले आणि एकानेही भाग गेला नाही तर. म्हणजे तो लूप संपल्यावरचा निकाल आहे, एका भाजकाचा नाही. एल्स आणि त्याखालचा प्रिंट चार स्पेस डावीकडे घ्या, एल्स फॉरच्या बरोबर खाली येऊ द्या. पायथनमध्ये फॉरलाही एल्स असतो आणि लूप ब्रेक न लागता पूर्ण झाला तरच तो चालतो. २५ ला आता एकदाच "नाही", ७ ला एकदाच "आहे". एक अक्षरही नवीन लिहिलं नाही, फक्त दोन ओळी सरकल्या.

पण याची दुसरी बाजूही आहे. ज्याला एल्स इफचाच हवा होता आणि चुकून फॉरच्या खाली गेला, त्यालाही पायथन काही बोलणार नाही, कारण दोन्ही कायदेशीर आहे. सीमधून आलेल्यांना ही शक्यता ठाऊकच नसते, ते तासभर बाकी सगळं तपासत बसतात.

व्हाइल लूपबद्दल थोडक्यात. मोजणी वाढवणारी ओळ लूपच्या बाहेर राहिली की स्क्रीनवर १, १, १ असा पाऊस पडतो आणि मुलं घाबरून मशिनचं बटण बंद करतात. बटण नको, कंट्रोल आणि सी. मग त्या एका ओळीपाशी जाऊन विचारा, ही किती वेळा चालायला हवी होती?

राहिला कागद. डिप्लोमाला पायथनचा लेखी पेपर असतो, आणि हाताने लिहिलेल्या कोडात चार स्पेस कुठे मोजायच्या? उत्तरपत्रिकेवर आडव्या रेघा असतात, उभ्या नसतात. पहिल्या पाच ओळी नीट येतात, सहावीपासून अक्षर तिरकं होत जातं, आणि रिटर्न अशा जागी पडतं की तपासणाऱ्याला ते फॉरच्या खाली वाटावं की बेरजेच्या, कळत नाही. मी तपासते तेव्हा रिटर्न कुठे आहे हे बघितल्याशिवाय पूर्ण गुण देत नाही. तिथेच कळतं की मुलाला लूप समजलाय की प्रोग्रॅम पाठ केलाय.

म्हणून सवय आत्तापासून लावा. मार्जिनपासून दोन-दोन बोटांवर पेन्सिलीने फिकट उभ्या रेघा, तीन पुरतात, चौथी लागली तर प्रोग्रॅम जरा सुटसुटीत करता येतो का ते आधी बघा. प्रत्येक ओळ कुठल्यातरी रेघेला टेकूनच सुरू करायची, दोन रेघांच्या मध्ये काही नाही. जर्नलही तसंच लिहा. आणि पान उलटावं लागणार असेल तर फंक्शनच्या मधोमध उलटू नका, जागा सोडून नव्या पानावर डेफपासून सुरू करा. तेवढी जागा उरली नसेल आणि उलटावंच लागलं, तर नव्या पानावर आधी रेघा मारून घ्या, मागच्या पानावरची शेवटची ओळ कितव्या रेघेवर होती ते बघा आणि मगच पेन टेकवा.